चारचं निवेदन

१

आमच्या कानेउरा गावात परदेशी शिक्षक यायचा तो दर तीन वर्षांनी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या बसनं. त्याला उतरवून घ्यायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे होतं. मी फुसाए नागाओका, नगरपालिकेच्या शिक्षण विभागातली कारकून. कामाचा क्रम ठरलेला. आधी नावनोंदणी, मग बँकेचं पुस्तक, मग घराची किल्ली, मग गॅसवाल्याची वाट बघत रिकाम्या घरात बसणं, आणि शेवटी कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून ते तीनदा वाचून दाखवणं. कॅनडाचे एक सर होते, त्यांना जळणारा कचरा कुठला आणि न जळणारा कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. बाकी सगळं जमलं त्यांना. इथलीच मुलगी करून घेऊन गेले.

माझं दुसरं काम निवेदनं वाचायचं. आमच्याकडे घरोघरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर नगरपालिकेची एक पेटी असते. सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, अशी ती दिवसातून तीनदा बोलते. उद्या पाणी येणार नाही, डोंगराकडे अस्वल दिसलं, लसीकरण अमुक दिवशी, असलंच सगळं. आवाज माझा. वाण्याकडे जाऊन मी नुसतं "एक मुळा द्या" म्हटलं तरी अनोळखी माणसं वळून बघायची.

तर त्या वर्षी बसमधून अर्लीन मागबानुआ उतरल्या. फिलिपाइन्समधल्या इलोइलोच्या. वय एकतीस, अंगानं बारीक, दोन बॅगा आणि गळ्याशी घट्ट आवळलेलं मोहरीच्या रंगाचं जाकीट. आठ वर्षांची मुलगी आईपाशी ठेवून आल्या होत्या. नवरा नव्हता, का नव्हता ते मी विचारलं नाही. जपानी त्या पुस्तकातलं बोलायच्या, हळू, प्रत्येक शब्द ताटात वाढल्यासारखा वेगळा. मग मीही तसंच बोलायला लागले.

शिक्षकांची घरं माध्यमिक शाळेच्या मागे आहेत. चार घरांची बैठी चाळच म्हणा. गावातली मुलं कमी होत गेली तसे शिक्षकही कमी झाले, त्यामुळे बाकीची तीन घरं बंद होती. अर्लीनना दोन नंबरचं घर दिलं. स्वयंपाकघर, त्यामागे चटयांच्या दोन खोल्या, टोकाला न्हाणीघर. हिवाळाभर बंद असल्यामुळे आत ओल्या लाकडाचा वास कोंडलेला होता.

"नागाओका-सान, हे काय?" त्यांनी भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"ती मी आहे," मी म्हणाले. "दिवसातून तीनदा तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बडबडणार. कंटाळलात तरी बंद करता येत नाही."

त्या हसल्या. "आमच्याकडे माझी आई आहे तशी."

गॅसवाला आला, त्यानं शेगडी पेटवून दाखवली, सही घेतली. मी कचऱ्याचा कागद चिकटवला. निघताना मागे वळून बघितलं तर त्या दारात उभ्या राहून हात हलवत होत्या, आणि पायात घरातल्या सपाता तशाच. सपाता घालून दाराबाहेर यायचं नसतं हे सांगायला हवं, असं मनाशी म्हणत मी गाडी सुरू केली.

२

तिसऱ्या दिवशी त्या कार्यालयात आल्या, वाळवलेल्या आंब्याची पुडी घेऊन. आमचे विभागप्रमुख साकाकिबारा साहेब लगेच खुर्ची सोडून आले. खायची वस्तू दिसली की त्यांना पाहुण्यांचा पुळका येतो.

"कसं काय, करमतंय का?" साहेबांनी विचारलं.

"सकाळ बरी जाते," अर्लीन म्हणाल्या. "दुपारी घर फार मोठं होतं. पण चार वाजता नागाओका-सान बोलतात, मग बरं वाटतं."

"पाच वाजता," मी म्हणाले.

"नाही, चार. पाचचं वेगळं. पाचला तुम्ही फार भरभर बोलता, मला काही कळत नाही. चारचं सगळं कळतं."

साहेब आंबा चघळत म्हणाले, "बघा फुसाए-सान, अकरा वर्षं मी सांगतोय तुम्हाला, जरा सावकाश वाचा म्हणून."

मी हसले. पेटीत मागचं निवेदन पुन्हा ऐकायची सोय असते, त्याचं बटण कुठेतरी अडकलं असणार असं मला वाटलं. त्याच दिवशी वीजजोडणीवाल्या उओझुमींना तिकडे पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन आला.

"ताई, ही पेटी बोलणारच नाही."

"म्हणजे बिघडलीय?"

"बिघडायला आधी चालू तर हवी. गेल्या वर्षी जुनी व्यायामशाळा पाडली ना, तेव्हा या चाळीची छपरावरची तार काढून टाकली. आत बॅटरीही नाही. मी आता नवी तार ओढतो, पण आजपर्यंत हिच्यातून चकार शब्द आलेला नसणार."

शेजारी सगळी बंद घरं. शाळेचा भोंगा चार वाजता वाजत नाही. मी विचार केला, बाई एकट्या आहेत, परका मुलूख, दुपारी डोळा लागत असेल. एकटं माणूस झोपेच्या काठावर काहीबाही ऐकतं. आई गेली त्या वर्षी मलाही न्हाणीघरातून तिचं खाकरणं ऐकू यायचं. माझी समजूत पटली. पण एक गोष्ट मनातून जाईना. तार नव्हती, तर मग त्यांनी पाचचं निवेदन तरी कुठून ऐकलं? गावातल्या खांबांवर कर्णे आहेत, त्यावरून ऐकलं असेल, असं उत्तर मी स्वतःलाच दिलं आणि कामाला लागले.

३

एप्रिलच्या एक तारखेला मी साडेतीनलाच त्यांच्याकडे गेले. निमित्त विम्याच्या कागदाचं. त्यांनी चहा केला, मी मोरंबा नेला होता. शाळेला वसंताची सुट्टी, पण बँडपथकाची मुलं सरावाला आली होती. कुणीतरी तुतारीवर एकच सूर पुन्हा पुन्हा घोटत होतं आणि दर वेळी त्याच जागी चुकत होतं. फ्रिज गुरगुरत होता. बाहेर कावळे होते. मी हे सगळं मोजत बसले होते म्हणा ना, म्हणजे मी झोपेत होते असं नंतर स्वतःला सांगता येऊ नये.

अर्लीन मुलीचे फोटो दाखवत होत्या. मुलीचं नाव जिलियन. पुढचे दोन दात पडलेले.

चारला एक-दोन मिनिटं कमी असताना तुतारी थांबली. मग फ्रिज थांबला. तो अधूनमधून थांबतोच.

भिंतीवरच्या पेटीत खट् झालं आणि पाठोपाठ बारीक चुकचुकल्यासारखा आवाज आला.

तो आवाज मी कुठेही ओळखीन. बोलायच्या आधी मी ओठ उघडते तेव्हा तो होतो. आई म्हणायची, आमच्या पोरीच्या तोंडात पाल आहे. मायक्रोफोनपुढे तो गावाला ऐकू जाऊ नये म्हणून मी अकरा वर्षं धडपडले.

मग मी बोलले. म्हणजे पेटी बोलली, माझ्या आवाजात.

"कानेउरा नगरपालिकेतर्फे निवेदन. आज सकाळपासून शाळेमागच्या वस्तीतून एक महिला बेपत्ता आहेत. वय एकतीस, उंची एकशे चोपन्न सेंटिमीटर, केस खांद्यापर्यंत. अंगात मोहरीच्या रंगाचं जाकीट. कुणास दिसल्यास पोलीस चौकीस कळवावे."

पुन्हा तेच, दुसऱ्यांदा. आम्ही दोनदाच वाचतो. मग जरा थांबून:

"सदर महिला सापडल्या आहेत. सहकार्याबद्दल आभारी आहोत."

खट्.

मी हातातला कप खाली ठेवला. हे सांगायला हवं की असली निवेदनं मी पुष्कळ वाचली आहेत. गावात म्हातारी माणसं फार. कुणी ना कुणी चपला घालून निघून जातं. माणूस जिवंत मिळालं तर आम्ही 'सुखरूप सापडले' असं वाचतो. नसेल तर नुसतं 'सापडले'. कुणी उलगडून सांगत नाही, पण गावातल्या शेंबड्या पोराला हा फरक कळतो. नुसतं 'सापडले' ऐकलं की लोक भांडी घासायची थांबतात.

अर्लीन माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांचे डोळे ओले होते.

"तुम्हाला कळलं?" मी विचारलं.

"कळलं ना. किती प्रेमानं बोलता तुम्ही चार वाजता. समोरासमोर का नाही बोलत तसं?"

त्यांना काहीच कळलेलं नाही, असं मी समजले आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणून मी खोटं बोलले. "रविवारी समुद्रकिनाऱ्याची साफसफाई आहे, त्याचं निवेदन होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "समुद्राचंच."

निघताना मी पेटी भिंतीवरून काढून पिशवीत घातली. दुरुस्तीला नेते म्हणून सांगितलं. त्यांचं मोहरी जाकीटही मागून घेतलं. बाहीवर डाग पडलाय, धुऊन देते, तोवर माझा राखाडी कोट घाला. त्यांना तो गुडघ्यापर्यंत आला. "आता मी नगरपालिकेची वाटते," त्या आरशात बघून म्हणाल्या.

मी हसले नाही. घरी जाऊन जाकीट कपाटात तळाशी ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. सत्तावन्न वर्षांची बाई मी.

४

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पेटी नेलीत ते बरं केलंत. आता आवाज जवळून येतो."

"कुठून?"

"न्हाणीघरातून."

मी तशीच साहेबांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, अर्लीनबाईंना दुसरं घर द्या.

"कारण काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

ओल आहे, असं मी म्हणाले.

"ओल कुठे नाही? माझ्या घरात आळंबी उगवतात. आठवड्यावर शाळा आली आणि तुम्ही घर बदलायचं काढता." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "फुसाए-सान, आई गेल्यापासून तुम्ही एक दिवस रजा घेतलेली नाही. परवा तुम्ही बाराचं निवेदन वाचताना मधेच थांबलात. लोकांनी फोन केले मला. घ्या ना जरा विश्रांती."

मी थांबले होते हे खरं. वाचता वाचता ओठांचा तो आवाज ऐकू आला होता आणि मला क्षणभर कळेना, तो माझाच, की माझ्या मागून आला.

त्या संध्याकाळी अर्लीनना मी माझ्या घरी आणलं. माझ्याकडे आईची खोली रिकामी होती. घरातली पेटी त्याआधीच काढून अंगणातल्या खोपटात टाकली. पहिले दोन दिवस इतके चांगले गेले की त्या दिवसांची आठवण मी काढत नाही. आम्ही दोघींनी मिळून माशाचं कालवण केलं. त्यांनी त्यात चिंच घालायला मागितली, मी म्हटलं इथे चिंच कुठली, मग खारवलेली आलुबुखारं घातली आणि ते बरं लागलं. मी त्यांना अगंतुगं करायला लागले. ती मला 'मनांग' म्हणायला लागली. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. रोज जेवणाआधी ती फोनवर मुलीला दाखवायची. जिलियन पडद्यावर तोंड अगदी जवळ आणून मला बघायची आणि लाजून पळायची.

चार वाजता मी कार्यालयात असायची. रोज विचारायची, "आज काही?"

"काही नाही, मनांग," ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी, पाच तारखेला, मी अर्धा दिवस रजा टाकली आणि पावणेचारला न सांगता घरी आले. दार आवाज न करता लोटलं. आपल्याच घरात चोरासारखी शिरताना लाज वाटत होती. ओट्यावर तांदूळ निथळत ठेवलेले होते. आईच्या खोलीचं सरकतं दार लावलेलं होतं आणि आतून बोलणं ऐकू येत होतं.

दोन आवाज होते. एक अर्लीनचा. ती मधेमधे हुंकार देत होती, लहान मूल गोष्ट ऐकताना देतं तसा. दुसरा माझा. मी परकी भाषा बोलत होते. एक शब्द कळत नव्हता, पण आवाज माझाच होता, आणि इतका मऊ की मी आयुष्यात कुणाशी तसं बोललेले नाही. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: इन्दाय. इन्दाय. प्रत्येक वाक्याआधी ती पाल चुकचुकत होती.

दाराच्या चौकटीवर कागद असतो, त्याच्या पलीकडची सावली दिसते. अर्लीनची सावली खाली बसलेली होती. तिच्यापुढे बिछान्याच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि ती कपाटाकडे तोंड करून होती. कपाटाच्या आत, वरच्या कप्प्यात, काहीतरी वाकून तिच्याकडे झुकलं होतं. गाद्यांची चळत असेल. वरच्या कप्प्यात आईच्या गाद्या आहेतच.

मी दार सरकवलं.

अर्लीन एकटी. मांडीवर फोन, पडदा काळा. कपाटात गाद्या, सरळ रचलेल्या.

"कोण बोलत होतं?"

ती दचकली नाही. "जिलियन. आत्ताच ठेवला फोन."

मी ते मानलं. खरं सांगते, मी ते लगेच मानलं. मोबाईलमध्ये आवाज कसे बदलतात, मुलगी माझी नक्कल करत असेल, अशी कारणंही मी स्वतःहून तिला पुरवली. ती मान हलवत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मनांग, मी घरी जाते. परवा शाळा सुरू होतेय, तिथून जवळ पडतं." तेव्हा मी "राहा गं" म्हटलं, पण एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ती राहिली असती, इतपत मला तिचा स्वभाव कळला होता. मी तिची बॅग गाडीत ठेवली. परत येऊन घराचं दार आतून लावलं तेव्हा मला हायसं वाटलं.

५

आठ तारखेला शाळेच्या पहिल्या सभेत अर्लीन आली नाही. नऊ वाजता उपमुख्याध्यापकांचा फोन आला. मी गेले तेव्हा दोन नंबरचं दार नुसतं लोटलेलं होतं. कुकरमध्ये भात गरम होता. टेबलावर मुलांना दाखवायला केलेली चित्रं एकावर एक ठेवली होती: तिचा देश, तिकडची होडी, मुलगी, आई. चपला-बूट सगळे दारात ओळीनं. सपाता तेवढ्या नव्हत्या.

बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाळी दुरुस्त करणाऱ्या एका बाईनं तिला सकाळी पाहिलं होतं. "कुणाशी तरी बोलत चालली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, सोबत तुम्हीच आहात, नागाओका-सान. तुमचा आवाज ऐकला की मी."

अकरा वाजता पोलीस कागद घेऊन आला. मी कागद उघडला. वय एकतीस. उंची एकशे चोपन्न. केस खांद्यापर्यंत. अंगात राखाडी कोट.

राखाडी! मला एवढा आनंद झाला की पोलीस माझ्याकडे बघतच राहिला. मोहरी नाही, राखाडी. म्हणजे ते निवेदन हे नव्हे, आणि म्हणून शेवटही तो नव्हे. मी खणखणीत आवाजात दोनदा वाचलं. सबंध गाव शोधायला निघालं. म्हातारी माणसं काठ्या घेऊन बांबूच्या रानात शिरली, मच्छीमारांनी होड्या काढल्या. साकाकिबारा साहेब चिखलात घसरून हात मोडून घेईपर्यंत हाका मारत फिरले.

दहा तारखेला ती मिळाली. कुठे आणि कशी ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की तिथे पाणी माझ्या गुडघ्याइतकंही नव्हतं, आणि तिला वर उचललं तेव्हा तिच्या अंगात मोहरीच्या रंगाचं जाकीट होतं. माझ्या कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. राखाडी कोट आजवर मिळाला नाही.

दुसरा कागद माझ्यापुढे आला. एकच ओळ. 'सदर महिला सापडल्या आहेत.' मायक्रोफोनचा दिवा लागला. मी ओठ उघडले आणि वाचलं, "सदर महिला सुखरूप सापडल्या आहेत."

दुसऱ्यांदाही तसंच वाचलं.

खालून, रस्त्यावरून, टाळ्या ऐकू आल्या. लोक घराबाहेर येऊन एकमेकांना सांगत होते. शाळेत मुलांनी ओरडून दंगा केला म्हणे. साहेब धावत जिना चढून आले, हात गळ्यात बांधलेला. पाच वाजता त्यांनी स्वतः दुरुस्ती वाचली. नंतर दोन दिवस ते शाळेत आणि घरोघरी जाऊन वाकून माफी मागत होते. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "का केलंत?" मी म्हणाले, मला वाटलं, मी वेगळं वाचलं तर वेगळं होईल. त्या दिवसापासून मायक्रोफोन माझ्याकडून काढून घेतला. आता एक नवी मुलगी वाचते, छान वाचते.

६

अस्थी न्यायला अर्लीनची आई लुर्देस आली, जिलियनला घेऊन. नगरपालिकेनं दुभाषी म्हणून एमिली शिराकावांना बोलावलं होतं. त्या तिकडच्याच, त्याच भाषेच्या, इथे लग्न होऊन आलेल्या.

मी बसथांब्यावर गेले. म्हातारीपुढे वाकले आणि जपानीतच म्हणाले, "माझ्याकडून तिची काळजी घेतली गेली नाही. क्षमा करा."

एमिलीबाई भाषांतर करणार तोच जिलियननं माझा आवाज ऐकून मान वर केली. लाजली नाही. सरळ येऊन तिनं माझा हात धरला आणि बरंच काही बोलली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

एमिलीबाई गोंधळल्या होत्या. "ती विचारतेय, तुम्ही आज असं का बोलताय? तिला कळत नाहीये. म्हणतेय, फोनवर कसं आमच्यासारखं बोलता." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुम्हाला येते आमची भाषा? मला कधी बोलला नाहीत."

"इन्दाय म्हणजे काय?" मी विचारलं.

"बाळ. लाडानं मुलीला म्हणतात. का?"

एमिलीबाईंकरवी म्हातारीला एवढंच सांगितलं की फोनवर कुणी माझ्या आवाजात बोललं तर ते ऐकू देऊ नका. मुलीच्या हातून फोन काढून घ्या. लुर्देसनं माझ्या गालावरून हात फिरवला. दुःखानं या बाईचं डोकं फिरलंय, असं तिनं मनात म्हटलं असणार. तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. तिसऱ्या दिवशी त्या दोघी पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी घेऊन गेल्या.

जूनमध्ये मी पत्र लिहिलं. पुन्हा तेच, जरा सविस्तर. एमिलीबाईंनी नाक मुरडत ते भाषांतरित केलं. उत्तर आज आलं. एमिलीबाई दुपारी जेवणं आटोपून कार्यालयात घेऊन आल्या आणि माझ्या टेबलाशी बसून, बोट ठेवत ठेवत, वाचून दाखवायला लागल्या.

"'तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. पोर जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. फोन मी तुमच्या सांगण्यावरून विकून टाकला, पण तुम्ही तिला एकटं पाडलं नाहीत. रोज दुपारी तीन वाजता ती मागच्या खोलीत जाऊन बसते, तुमच्याशी बोलते आणि हसत बाहेर येते. आता दोन वेळा जेवते. अर्लीनसुद्धा तुमचं असंच कौतुक करायची. परवा जिलियन मला विचारत होती, समुद्रावर एकटीनं जायला किती मोठं व्हावं लागतं?'"

एमिलीबाईंनी कागद खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्ही कुणाशी बोलता रोज?" त्यांनी हळूच विचारलं.

तिकडचे तीन म्हणजे आमचे चार. मी घड्याळाकडे बघितलं. चारला पाच मिनिटं कमी होती.

"शेजारी कुणाचा फोन असेल ना? चर्चचा? कुणाचाही. लावा," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून वही काढली. पानं उलटताना त्यांची बोटं चिकटत होती. मिळाला एकदाचा नंबर, गल्लीतल्या वाण्याचा. लागला. त्या तिकडच्या भाषेत भराभरा बोलल्या, मग गप्प राहिल्या. कुणी तरी बोलवायला गेलं होतं. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. टेबलावर ठेवलेल्या फोनातून तिकडची गल्ली ऐकू येत होती. रिक्षा गेली, कोंबडा आरवला, कुणीतरी धावत दूर गेलं. मग तेही थांबलं.

शांततेत, फोनाच्या अगदी जवळ, कुणीतरी ओठ उघडले.

एमिलीबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड मिटलेलं होतं. मी ते दोन्ही हातांनी झाकून धरलं होतं.